गौरी-गणपती, घरभर पाहुणे आणि अण्णांची दीडची गोळी

नमस्कार मंडळी. गणपती जवळ आलेत, घराघरात याद्या सुरू झाल्या असतील, कोण कधी येणार, गौरीजेवणाला किती पानं, मोदक घरी की ऑर्डर देऊन. आज मी बोलणारे ते ज्यांच्या घरात कुणालातरी पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, आहे त्यांच्याशी, आणि त्यांच्याकडे जेवायला जाणाऱ्यांशी तर जास्तच. आमच्याकडे सासऱ्यांना आहे, अण्णा म्हणतो आम्ही त्यांना.

आमच्या घरात सणाचं टाईमटेबल आता गोळीवर ठरतं. या आजारात मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालीचे निरोप पोचवणारं रसायन, कमी पडतं, आणि बहुतेकांच्या गोळीत लेवोडोपा असतं ज्याचं मेंदूत गेल्यावर डोपामिन तयार होतं. गोळी लागू पडली की माणूस चालतो, बोलतो, जोक पण मारतो, आणि असर उतरला की तोच माणूस खुर्चीतून उठू शकत नाही. तासाभरापूर्वी तर बरे होते, आता नाटक करतायत का, असं कुणी कुजबुजलं तर कृपया त्याला बाजूला घेऊन हे सांगा.

आता गौरीच्या दिवशी काय होतं, आरती लांबते, नैवेद्य लांबतो, पंगत बसायला तीन वाजतात, आणि दीडची गोळी 'आता जेवणानंतरच घ्या' म्हणून राहते. त्यात पुरणपोळी म्हणजे हरभऱ्याची डाळ, वर कटाची आमटी, दूध, म्हणजे सगळं प्रोटीन, आणि प्रोटीन न् लेवोडोपा शरीरात एकाच वाटेने आत जातात त्यामुळे गोळीला जागा मिळत नाही. म्हणून बऱ्याच पेशंटना गोळी जेवणाआधी अर्धा तास तरी घ्यायला सांगतात, तुमचं नेमकं कसं ते तुमच्या डॉक्टरांना सणाच्या आधीच विचारून ठेवा. आम्ही गुरुजींनाच सांगून टाकलंय, बाराला आरती म्हणजे बाराला. आणि नैवेद्य व्हायचाय म्हणून गोळी अडवणाऱ्या आत्याबाई प्रत्येक घरात असतात, त्यांना सांगा, घोटभर पाण्याने बाप्पा रागवत नाही.

पाहुण्यांचं दुसरं म्हणजे चेहरा. चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, हसू आतल्या आत राहतं, आवाज बारीक होतो. मग लहान मुलं विचारतात आजोबा रागावलेत का, आणि मोठी माणसं विचारत नाहीत पण तसंच धरून चालतात. शेजारी बसा, टीव्ही बंद करा, प्रश्न विचारलात तर उत्तराला वेळ द्या, आणि त्यांच्या वतीने दुसऱ्या कुणी बोलू नका, अगदी सासूबाईंनी पण नाही. हाताकडे टक लावून बघितलं की हात जास्तच हलतो, टेन्शनने कंप वाढतो, हे तर आम्ही रोज बघतो. आणि उलट, काही जणांचा हात हलतच नाही, नुसता ताठरपणा आणि संथपणा असतो, म्हणून त्यांना काही झालेलंच नाही असं नसतं.

गर्दीत, दाराच्या चौकटीत, सतरंजीच्या कडेला पाय अचानक जमिनीला चिकटल्यासारखे होतात. अशा वेळी दहा जण 'चला चला' करतात, एक जण हात धरून ओढतो, आणि पडायची वेळ येते. ओढू नका हो! थांबा, त्यांना जरा डावीउजवीकडे वजन टाकू दे, समोर तुमचं पाऊल आडवं ठेवा आणि म्हणा हे ओलांडा. नाहीतर ताल द्या. अण्णांना टाळ ऐकू आला की पाऊल निघतं, ठेक्यावर चालणं बऱ्याच जणांना सोपं जातं. लाईटच्या माळांच्या वायरी मात्र वाटेतून काढाच, आणि खूप वेळ बसलेल्या माणसाला आरतीला झटकन उभं करू नका, बीपी उतरून चक्कर येते.

जेवायला टेबलखुर्ची, आमटी वाटीऐवजी कानाच्या मगमध्ये, तोही अर्धाच, पोळीचे तुकडे आधीच करून. भरवू का हे विचारल्याशिवाय भरवू नका. घास गिळायला वेळ लागतो, तेवढ्यात गप्पा नकोत.

औषध सुचवणारे मामाही येतात. खाजकुइलीचं चूर्ण द्या म्हणतात, आणि गंमत म्हणजे मामा पूर्ण चुकीचे नाहीत, त्या बियांमध्ये लेवोडोपा खरंच असतं. पण म्हणूनच भीती, कारण गोळी चालू असताना वरून ते दिलं तर डोस किती झाला कुणाला कळणार? डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तसंच सणाचं खाऊन मळमळलं तर घरात पडलेली उलटीची गोळी द्यायची नाही, मेटोक्लोप्रमाइड असलेली तर मुळीच नाही, ती डोपामिनच अडवते आणि ताठरपणा वाढतो. डब्यावर नाव वाचा, शंका असेल तर फोन करा.

आता सासूबाई. बत्तीस पानांचा स्वयंपाक, पाहुण्यांचा चहा, आणि मधेमधे अण्णांना बाथरूमला नेणं, असं सगळं एकाच बाईवर येतं आणि वर सगळे म्हणतात काकू किती करतात. काकूंना कौतुक नकोय, दुपारी दोन तास झोप हवीये. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे पेशंटसोबत घरचे पण जातात, जमलं तर चौकशी करा. पण गौरीच्या दिवसापुरतं सांगते, तुम्ही पाहुणे म्हणून जाणार असाल तर मिठाईचा बॉक्स राहू दे, जायच्या आधी फोन करून विचारा, मी दोन ते चार अण्णांजवळ बसू का, आणि गोळी किती वाजता द्यायची ते लिहून घ्या.