देव माणसांत राहायला येतो

श्रोतेहो, नमस्कार.

मेल्यावर आत्मा वर जातो आणि कायमचा तिथेच राहतो, एवढीच ख्रिस्ती माणसाची स्वर्गाची कल्पना, असा अनेकांचा समज आहे. नेमाने उपासनेला जाणाऱ्यांचासुद्धा. म्हणून आज तुम्हाला बायबलच्या शेवटच्या दोन अध्यायांकडे न्यायचं आहे, प्रकटीकरण २१ आणि २२. पात्म बेटावर योहान नावाच्या द्रष्ट्याला झालेला हा दृष्टान्त. त्यात माणसं वर चढत नाहीत, नवं यरुशलेम आकाशातून खाली उतरतं. आणि राजासनाकडून वाणी येते की देवाची वस्ती आता माणसांबरोबर आहे.

या नगराचं माप योहान देतो. लांबी, रुंदी, उंची सारखीच, प्रत्येकी १२,००० स्टेडिया. आजच्या हिशेबाने सुमारे २,२०० किलोमीटर. एवढं उंच नगर असेल तरी कसं, असं वाटतं ना? पण जुना करार, म्हणजे बायबलचा पहिला भाग, वाचलेल्यांना हा आकार ओळखीचा आहे. शलमोन राजाने बांधलेल्या मंदिरात सगळ्यांत आत परमपवित्रस्थान होतं, देवाचं सान्निध्य जिथे मानत ती खोली. २० हात लांब, २० हात रुंद, २० हात उंच. तिथे फक्त प्रमुख याजकाने जायचं, तेही वर्षातून एकाच दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, बलीचं रक्त घेऊन. बाकी सगळ्यांनी बाहेर थांबायचं. आता अख्खं नगरच ते परमपवित्रस्थान झालं आहे! म्हणून तर योहानाला तिथे वेगळं मंदिर दिसत नाही.

त्या याजकाच्या कपाळावर सोन्याची पट्टी असे, परमेश्वरासाठी पवित्र अशी अक्षरं कोरलेली. नव्या नगरात देवाचं नाव त्याच्या सगळ्याच सेवकांच्या कपाळावर आहे. आणि ते त्याचं मुख पाहतील, असं योहान लिहितो. इस्राएली लोकांचा पुढारी मोशे याने देवाला तुझं तेज दाखव म्हणून विनवलं होतं, तेव्हा त्याला उत्तर मिळालं की माझं मुख पाहून कोणी जिवंत राहायचा नाही. मोशेला जे मिळालं नाही, ते इथे साध्यासुध्या भाविकाला मिळणार आहे. सोन्याचा रस्ता आणि मोत्यांच्या वेशी सगळ्यांच्या लक्षात राहतात. मला विचाराल तर देवाचं मुख दिसणार नसेल, तर ती सगळी नुसती शोभा.

तिथे मरण नाही, शोक नाही, रडणं नाही, कष्ट नाहीत. डोळ्यांतले अश्रू देव स्वतः पुसतो. हे काम तो देवदूतांवर सोपवत नाही. पूर्वी अंधार पडला की शत्रूच्या भीतीने नगराच्या वेशी लावून घेत. इथे रात्रच नाही, त्यामुळे बाराही वेशी सदा उघड्या. आणि एदेन बागेत आदामाला दुरावलेलं जीवनाचं झाड नदीकाठी पुन्हा उभं आहे. त्याची पानं राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत.

मग आपली माणसं आपल्याला ओळखतील का? घरात कुणी गेलं की हाच प्रश्न आधी मनात येतो. ख्रिस्ती श्रद्धा नुसत्या आत्म्याच्या अमरत्वावर थांबत नाही, ती शरीराच्या पुनरुत्थानाची आशा धरते. मरणानंतर विश्वासणारा ख्रिस्ताजवळ असतो, पण पूर्णत्व यायचं ते पुनरुत्थानाच्या दिवशी. प्रेषित पौल म्हणतो, पेरतो तो दाणा, उगवतं ते निराळंच शरीर, तरी त्याच दाण्याचं. मरणातून उठलेल्या येशूने शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला, हातांवरचे व्रण दाखवले. त्याची शिष्या मग्दालीया मरीया हिला तो आधी माळी वाटला. ‘मरीये’ अशी हाक ऐकली आणि तिने त्याला ओळखलं. या हाकेवर माझा मोठा भरवसा आहे. तिथे आपण परके नसू.

 

पण तिथे जाणार कोण? येशूशेजारी क्रुसावर खिळलेल्या एका गुन्हेगाराकडे बघा. भरपाई करायला त्याच्यापाशी वेळ नव्हता, हातपाय मोकळे नव्हते. तू आपल्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण कर, एवढंच तो म्हणाला. येशूने त्याला सांगितलं, आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील.