वाघचौरा आणि गवताची काडी

नमस्कार मंडळी. ऑर्किड म्हटलं की आपल्याला बुकेतली ती जांभळी फुलं आठवतात, पण आज बोलायचंय जमिनीत उगवणाऱ्या ऑर्किडबद्दल, वाघचौऱ्याबद्दल. आपल्या सह्याद्रीतला, श्रावण-भाद्रपदात गवताळ उतारावर कंबरेएवढा उभा राहणारा, आणि फूल म्हणाल तर जवळजवळ तळहाताएवढं, पांढरंशुभ्र. त्याची खालची पाकळी तीन भागांची, कडेच्या दोन भागांना झालर, अगदी कंगव्याचे दात. म्हणून तर शास्त्रीय नाव पेक्टायलिस, लॅटिनमध्ये पेक्टेन म्हणजे कंगवा.

आणि मागे शेपटी! हिरवट, वाकडी, मधल्या बोटापेक्षा लांब, आतून पोकळ, तळाशी मध.

तर झालं असं, मी आणि मामा गेलो होतो, मामाला झाडांचं भारी वेड, आणि मी म्हटलं या शेपटीची लांबी मोजूया, म्हणून गवताची काडी घेतली आणि फुलाच्या तोंडातून हळूच आत सरकवली. बाहेर काढतो तर काडीला दोन पिवळ्या गाठी चिकटलेल्या! झटकल्या, फुंकर मारली, निघेनात. मला वाटलं मोडलं फूल, मामा ओरडणार. तर मामा हसतच सुटला, म्हणे अरे गाढवा, तू पतंग झालास! त्या गाठी म्हणजे परागांचे गठ्ठे, बहुतेक ऑर्किडचे पराग सुटे नसतात, गठ्ठ्यानेच येतात. लांब सोंडेचा पतंग रात्री वासावर येतो, मधासाठी सोंड घालतो आणि हे गठ्ठे चिकटवून घेऊन जातो. हा वास पण रात्रीच, दिवसा नाक खुपसून काही उपयोग नाही. डार्विननेही विलायतेतल्या ऑर्किडमध्ये पेन्सिल घालून हाच उद्योग केला होता, १८६२ च्या पुस्तकात लिहिलंय त्याने.

आता फोटोसाठी गवतात लोळणारे लोक, त्यांचं काय करायचं सांगा, एका फोटोपायी दहा रोपं चेंगरतात. असो. आणि कंद उपटून कुंडीत लावू नका, परत सांगतो, कंद उपटू नका, बी धुळीसारखं असतं, मातीतल्या बुरशीची साथ असेल तरच रुजतं.

तर ती काडी. मामा म्हणाला, टाकू नकोस, त्या पलीकडच्या रोपावरच्या फुलात घाल. घातली. महिन्याभराने परत गेलो, तर त्याच फुलाखाली शेंग फुगलेली. मामा म्हणतो पतंगाचं काम, मी म्हणतो माझं.