जांभळे कडे आणि चुन्याची निवळी

सोलापूर जिल्ह्याच्या सांगोला तालुक्यातील एका गोठ्यात धार काढण्याआधी एक वेगळे काम उरकले जाते. बारा दिवसांपूर्वी व्यालेल्या गीर गाईच्या निरणाखाली बोटे सावकाश फिरवली जातात आणि थोड्याच वेळात तिने सोडलेले मूत्र स्वच्छ बाटलीत धरले जाते.

परीक्षानळीतल्या मुतात विरघळेनासे होईपर्यंत अमोनियम सल्फेट घालतात, सोडियम नायट्रोप्रुसाइडचा बारीकसा खडा टाकतात आणि मग अमोनियाचे द्रावण नळीच्या कडेने असे सोडतात, की ते न मिसळता वरच राहावे. दोहोंच्या सीमेवर उमटलेले जांभळे कडे म्हणजे कीटोनची, चरबी मोडताना तयार होणाऱ्या द्रव्यांची खूण. व्याल्यानंतर दुधाला लागणारी ऊर्जा वैरणीतून भागली नाही, तर गाय अंगावरची चरबी मोडू लागते, आणि तो भार यकृताला पेलवेनासा झाला की कीटोन रक्तात, दुधात, मुतात उतरतात. पट्टीवर रक्ताचा थेंब घेणारे यंत्र तेच आकड्यात सांगते; लिटरभर रक्तामागे १.२ मिलिमोल कीटोन ही सर्रास धरली जाणारी इशाऱ्याची रेषा. ती मात्र मुख्यतः विदेशी गाईंच्या कळपांवरून ठरलेली आहे, म्हणून गीर-खिलार या देशी जातींच्या नोंदी वेगळ्या ठेवल्याच पाहिजेत. देशी गाईला काही होत नाही, असे गोठ्यागोठ्यात ऐकू येते. तपासून पाहणारे थोडे.

शेजारची खिलार गाभण आहे. तिच्या बरगड्यांवरून आणि शेपटीच्या मुळाजवळच्या खळग्यांवरून तळहात फिरवून अंगस्थितीला १ (हडकुळी) ते ५ (लठ्ठ) गुण दिले जातात. खिलार जातच सडपातळ, त्यामुळे एका दिवसाच्या गुणापेक्षा विण्याआधीच्या आणि नंतरच्या गुणांतला फरक अधिक मोलाचा ठरतो.

गव्हाणीत हिरवे वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, पडले आहेत. ऊसतोडीच्या हंगामात ते जिल्ह्यात मुबलक असतात, परंतु त्यांतले ऑक्झॅलेट पोटातल्या कॅल्शियमला बांधून शेणावाटे बाहेर नेते. म्हणून रात्रभर भिजवलेल्या चुन्याची वरची निवळी वाढ्यांवर शिंपडली जाते आणि जोडीला मालदांडी ज्वारीच्या कडब्याची कुट्टी दिली जाते. कॅल्शियम घटले तर दुग्धज्वर, कीटोन वाढले तर दुधात घट आणि लांबलेला माज, हे ओघाने आलेच.

खुंटीला अडकवलेल्या वहीत आजची तारीख आणि आकडा लिहिला जातो. प्रत्येक गाईला एक पान आहे. खिलारीच्या पानावर अंगस्थितीचा एकच गुण आहे. ती पंधरवड्यात व्यायची आहे.