आलेखाचे रंग निवडताना आधी उजळपणा पाहा

नमस्कार. पावसाळ्यात हवामान खात्याचा जिल्हावार इशारा आपण सगळेच फोनवर पाहतो. त्यात हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे तातडीने कृती करा. लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणाऱ्या माणसाला मात्र यांतले हिरवा, पिवळा आणि नारिंगी हे एकाच पिवळसर-तपकिरी रंगाच्या फिक्या-गडद छटा वाटू शकतात, आणि रायगडचा इशारा नेमका कोणता, हे त्याला दुसऱ्याला विचारावे लागते. जिवाशी गाठ असलेल्या माहितीबाबत हे होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

या दोषाशी संबंधित जनुके एक्स गुणसूत्रावर असल्याने तो पुरुषांत कितीतरी अधिक आढळतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण सुमारे 8 टक्के आहे.

इशाऱ्याचे रंग ठरलेले असल्यामुळे ते बदलायचे नाहीत. प्रत्येक जिल्ह्यावर ‘पिवळा’, ‘नारिंगी’ असा शब्द छापावा, आणि मुंबईसारख्या इवल्याशा जिल्ह्यासाठी बाहेर अरबी समुद्रात रेघ ओढून तो तिथे लिहावा. जागा भरपूर असते.

रंग आपल्या हातात असतील, तेव्हा आधी उजळपणातला फरक पाहावा. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी मार्गदर्शक तत्त्वांच्या 2018 मधील 2.1 आवृत्तीनुसार, आलेख समजण्यासाठी आवश्यक असलेल्या भागांचा लगतच्या रंगाशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणाचे गुणोत्तर, किमान 3:1 हवा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर शुद्ध हिरव्याचा कॉन्ट्रास्ट जेमतेम 1.37 आणि शुद्ध पिवळ्याचा 1.07 भरतो, म्हणजे अशी रेघ चांगल्या नजरेलाही उन्हात दिसणे कठीण.

जपानचे मासाताका ओकाबे आणि केई इतो यांनी रंगदोष असलेल्यांनाही ओळखता यावी म्हणून सुचवलेली आठ रंगांची मालिका मी सुरुवातीला सर्वांना सुचवते. तिच्यातला निळा (संगणकावरचा रंगसंकेत 0072बी2) आणि शेंदरी (डी55ई00) हे पांढऱ्यावर 3:1 ची अट सहज पूर्ण करतात. त्याच मालिकेतला पिवळा मात्र ती पूर्ण करत नाही, म्हणून बारीक रेघेसाठी तो घेऊ नये. रेषा तीन-चारच असतील, तर कोपऱ्यातला लेजेंड, म्हणजे कोणता रंग कशाचा हे सांगणारी चौकट, काढून टाकून प्रत्येक रेषेच्या टोकाशी तिचे नाव लिहावे, आणि शेवटी आलेखाचा स्क्रीनशॉट कृष्णधवल करून पाहावा. तिथे दोन रेषा एकसारख्या दिसल्या, तर त्यांतली एक तुटक करावी.