लाल फ्यूज

(दृश्य: नागपूरचा कळमना बाजार, पहाटे. पिकअपची रांग. संत्र्याच्या क्रेट उतरवणारे हात.)

नोव्हेंबर महिना. कळमन्यात आंबिया बहाराची संत्री उतरून राहिली आहेत. काटोल, नरखेड, कळमेश्वरकडून रात्रभर गाड्या येतात आणि उजाडायच्या आत रांगेला लागतात. या रांगेत माझ्या काकांची पिकअप आहे. पुढच्या-मागच्या सगळ्या गाड्यांच्या पाठीला दोन लाल दिवे. काकांच्या गाडीच्या पाठीला अंधार.

काटोल ते नागपूर साठेक किलोमीटर. त्या रात्री अर्ध्या वाटेत मीटरमागचा उजेड गेला आणि काकांना कळलं, मागचेही दिवे गेले. मी फाळक्याजवळ क्रेटवर बसून मोबाइलचा टॉर्च मागे धरला. दर दोन मिनिटांनी एखादा ट्रक अंगावर यायचा, जवळ आल्यावर एकदम वेग कमी करायचा, मग हॉर्न देत बाजूने जायचा. प्रत्येक वेळी मी श्वास धरून होतो.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १०५ क्रमांकाचा नियम आहे. मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे, आणि नंबर प्लेट १५ मीटरवरून वाचता आली पाहिजे. ताशी ६० किलोमीटरने येणारा ट्रक १५५ मीटर अंतर नऊ सेकंदांत कापतो. त्या ड्रायव्हरला आपल्याबद्दल विचार करायला मिळतात ते हे नऊ सेकंद.

(दृश्य: उघडा फ्यूज बॉक्स. रंगीबेरंगी फ्यूज. बोट एका लाल फ्यूजवर थांबतं.)

हा लाल फ्यूज. लाल म्हणजे १० अँपिअर. निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. या एका लाल फ्यूजवर पार्किंगचे पुढचे दोन दिवे, मागचे दोन, नंबर प्लेटचा दिवा आणि मीटरमागचा उजेड आहे. हेडलाइटचे फ्यूज वेगळे, ब्रेकलाइटचा वेगळा. म्हणून हा उडाला तरी समोरचा रस्ता लख्ख दिसतो आणि ब्रेक दाबला की मागे लालही लागतं. खरं तर तो बल्ब तोच असतो. त्याच्या पोटात दोन तारा असतात, ५ वॅटची पार्किंगला आणि २१ वॅटची ब्रेकला. ड्रायव्हरचं लक्ष मीटरकडे नसेल, तर आपण मागून अंधारात आहोत हे त्याला गावापर्यंत कळत नाही.

आठवडाभरात असे चार फ्यूज उडाले. एका ढाब्यावर कुणीतरी उडालेल्या फ्यूजला तांब्याची तार गुंडाळून दिली. पुढे एका वर्कशॉपमध्ये लालच्या जागी हिरवा बसवला आणि सांगितलं, आता नाही उडणार. खरंच, तो लवकर उडाला नाही. पण तिसऱ्या दिवशी केबिनमध्ये जळका वास आला.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण ही चूक मी अनेक गाड्यांत पाहिली आहे. फ्यूजमधली पट्टी बहुतेक जस्ताची असते. जस्त ४२० अंशांना वितळतं. तांबं वितळायला १,०८५ अंश लागतात. वायरवरचं प्लास्टिक मात्र शंभर अंशांच्या थोडं पुढे गेलं की मऊ पडायला लागतं. फ्यूजच्या जागी तांबं घातलं की आधी वायर जळते, मग तिच्या शेजारची, आणि तार शेवटपर्यंत शाबूत राहते. डॅशबोर्डच्या मागे, ड्रायव्हरच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर. लालच्या जागी तीसचा हिरवा घातला तरी धोका तोच.

(दृश्य: दुपार. कळमन्याजवळचं ऑटो इलेक्ट्रिकचं छोटं दुकान. भिंतीवर वायरचे गुंडाळे.)

मिस्त्रींनी हिरवा फ्यूज उपसून बाजूला ठेवला. गाडीला हात लावण्याआधी त्यांनी कागदावर हिशेब केला. सगळे दिवे मिळून तीस वॅटच्या आत. तीस भागिले बारा व्होल्ट, अडीच अँपिअर. दहाचा फ्यूज त्याच्या चौपट आहे. मग तो उडतो, म्हणजे करंट दिव्यातून जातच नाही. दिव्यापर्यंत पोचायच्या आधी कुठेतरी वायर उघडी पडली आहे आणि गाडीच्या लोखंडाला टेकते आहे. लोखंड म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह. यालाच शॉर्ट म्हणतात. मध्ये अडवायला काहीच नाही, म्हणून शंभर अँपिअरसुद्धा क्षणात धावू शकतात.

मी माझा मल्टिमीटर नेला होता, दोन टोकांमध्ये करंटला मोकळी वाट असली की तो वाजतो. फ्यूजच्या खाचेत एक टोक, बॉडीला दुसरं. मीटर वाजला. मला वाटलं, सापडला शॉर्ट.

मिस्त्री म्हणाले, "सगळे बल्ब काढ आन् मंग लाव."

बल्ब काढले. मीटर गप्प.

५ वॅटच्या बल्बची तार तापलेली असते तेव्हा तिचा रोध २९ ओहमच्या आसपास असतो. थंड असताना तो त्याच्या दहाव्या हिश्शाएवढाच, जेमतेम तीन ओहम. असे पाच-सहा बल्ब एकाच वाटेवर शेजारी शेजारी लावले की सगळ्यांचा मिळून अर्धा ओहम उरतो. मीटरला तो शॉर्टसारखाच दिसतो. या फसव्या आवाजावर विश्वास ठेवून लोक चांगलं वायरिंग उसवून ठेवतात.

(दृश्य: फ्यूजच्या जागी दोन वायरींनी जोडलेला इंडिकेटरचा बल्ब, डॅशबोर्डला टांगलेला.)

मिस्त्रींचं खरं हत्यार हे आहे. २१ वॅटचा एक साधा बल्ब, फ्यूजच्या जागी. यातून पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त करंट जाऊच शकत नाही. शॉर्ट असला तरी फ्यूज उडत नाही, वायर तापत नाही, फक्त हा बल्ब पूर्ण उजेडाने पेटतो. शॉर्ट सुटला की विझतो. शंभर फ्यूज जाळून जे कळणार नाही, ते हा दहा मिनिटांत दाखवतो.

मागचे-पुढचे बल्ब काढलेलेच होते. पार्किंगचा स्विच चालू केला. बल्ब पेटला नाही. वायरिंग हलवून पाहिलं, होल्डर पिळून पाहिले. काहीच नाही.

मग मिस्त्रींनी काकांना विचारलं, "भाऊ, कवा उडते? रिकाम्या गाडीत का भरलेल्या?"

काका क्षणभर गप्प राहिले. "भरली का उडते. येताना. जाताना कधीच नाही."

आठ दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. गाडी प्रत्येक वर्कशॉपमध्ये रिकामी गेली होती आणि रिकाम्या गाडीत दोष नव्हताच.

(दृश्य: हौद्यात क्रेट चढवल्या जात आहेत. मागचे पाटे, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, हळूहळू सपाट होतात.)

शेजारच्या गोदामातून क्रेट मागितल्या. चाळीसेक चढल्या, बल्ब थंड. पन्नासच्या पुढे गेलो. पाटे बसत गेले, हौदा खाली आला. मी डॅशबोर्डपाशी टांगलेल्या त्या बल्बकडे पाहत उभा होतो. एक क्रेट जरा जोरात टेकली आणि बल्ब लख्ख पेटला.

दुकानात कुणीच काही बोललं नाही. मिस्त्री केबिनच्या मागे गेले आणि तिथला कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, सोडला. बल्ब विझला. म्हणजे पुढचं वायरिंग साफ, दोष मागच्या भागात. कपलर परत जोडला, बल्ब पेटला. डावीकडच्या टेललाइटचा कपलर सोडला, पेटलेलाच. उजवीकडचा सोडला, नंबर प्लेटचा सोडला, तरी पेटलेलाच. आता उरली फक्त मधली सहा-सात फूट वायर, चेसिसच्या बाजूने जाणारी.

(दृश्य: गाडीखाली टॉर्चचा उजेड. मातीने माखलेलं वायरिंग. बोट एका चमकत्या रेषेवर.)

गेल्या वर्षी हौद्याची उंची वाढवून घेतली होती. वेल्डिंगच्या वेळी वायरिंगची एक क्लिप तुटली आणि तिच्या जागी बाइंडिंगची तार पिळून ठेवली गेली. ती सैल झाली. वायरिंग लोंबून अॅक्सलच्या, म्हणजे मागच्या चाकांमधल्या दांड्याच्या, वर आलं. गाडी रिकामी असली की मध्ये चार बोटं जागा. भरली की पाटे बसतात, अॅक्सल वर येतो आणि वायरिंग दोन लोखंडांच्या मधे चेपतं. लोखंडावर त्या जागी घासून नाण्यासारखी चमक आली होती. वायरचं प्लास्टिक नखाएवढं फाटलेलं. आतलं तांबं, पाणी लागून, हिरवट.

तो तुकडा कापला. नवी वायर डाग देऊन जोडली, त्यावर स्लीव्ह, त्यावर काळी प्लास्टिकची नळी, आणि चेसिसला नवी क्लिप, पहिल्या जागेपेक्षा वर. मग मिस्त्रींनी डॅशबोर्ड उघडला, कारण हिरव्या फ्यूजचा हिशेब बाकी होता. फ्यूज बॉक्समागची वायर हातभर लांबीत शेजारच्या दोन वायरींना चिकटली होती. अजून एखादी खेप, आणि ती पेटली असती. तो भाग पूर्ण बदलला.

शेवटी लाल फ्यूज. दहाचाच.

(दृश्य: संध्याकाळ. काटोल रोड, गावाबाहेरचा सरळ पट्टा.)

क्रेट तशाच भरलेल्या ठेवून गाडी दोन गतिरोधकांवरून नेली. मीटरमागचा उजेड हलला नाही. मग मी काकांना रस्त्याच्या कडेला थांबायला सांगितलं आणि मागे चालत निघालो. पंधरा मीटरवर वळून नंबर वाचला, सगळे अंक स्वच्छ. पुढे पावलं मोजत गेलो. दीडशे मीटर भरले, अजून थोडी टाकली आणि वळलो. गाडी दिसत नव्हती, संत्री दिसत नव्हती. अंधारात दोन लाल ठिपके, एका रेषेत.

फोन वाजला. काका होते.

"दिसून राहिले का?"

"दोन्ही दिसून राहिले, काका."