इंटरफेस घ्यायच्या आधी सॉकेट बघा

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय "घरच्या स्टुडिओसाठी रेकॉर्डिंगचं सामान कसं निवडावं". त्यावर येतोच, पण आधी माझ्या आत्याच्या घरची गोष्ट ऐका, मला जे काही कळलंय ते तिथंच कळलंय.

आत्या सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते. तेव्हा तिचं वय ७८. जात्यावरच्या ओव्या तिला इतक्या पाठ की एक धरली की पुढची आपोआप येते. आवाज थकायच्या आत हे नीट रेकॉर्ड करून ठेवू म्हणून मी कंडेन्सर माईक (बारीकसारीक आवाजही टिपणारा), दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारा डबा), स्टँड आणि लॅपटॉप असं सगळं घेऊन गेलो. माजघरात मांडलं, आत्या पाटावर बसली, हेडफोन कानाला लावला तर नुसती घर्रर्र. बारीक, सलग, आणि गेन, म्हणजे माईकचा आवाज वाढवायचं बटण, वाढवला की तीही वाढणार. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असला हम ५०, १०० असा त्याच्या पटीत ऐकू येतो, कान तयार असेल तर लगेच ओळखतो. माझा तेव्हा तयार नव्हता.

पुण्यात परत आलो, केबल बदलली. पुन्हा गेलो, घरघर तशीच. मग जिथनं सामान घेतलं त्या दुकानात विचारलं, तर काउंटरवरच्या माणसाने माईक कुठे लावला, चार्जर कसला, घर किती जुनं, यातलं एक अक्षर विचारलं नाही. "सर, या रेंजमधले प्रीअँप असेच असतात, वरचं मॉडेल घ्या." प्रीअँप म्हणजे इंटरफेसमधला माईकचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग. घेतलं मी. दुप्पट पैसे मोजून घेतलं. आणि तिसऱ्यांदा गावाला गेलो तर घरघर तीच, फक्त आता ती महागड्या डब्यातून येत होती. याचा मला आजही राग आहे. पैशाचा नाही हो, त्या तीन चकरांत आत्या दर वेळी दुपारची झोप सोडून, नऊवारी बदलून बसायची आणि मी तिला सांगायचो "आत्या, आज नको."

आणि मग लाईट गेली. लोडशेडिंग. पंखा थांबला, शेजारची पिठाची गिरणी थांबली, आणि हेडफोनमध्ये एकदम स्वच्छ शांतता! लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेसला वीज यूएसबीतूनच मिळत होती, त्यामुळे रेकॉर्डिंग चालूच. मी खुणेनेच म्हटलं गा. त्या अंधारात आत्याने अकरा ओव्या म्हटल्या, मधे बांगड्यांचा आवाज येतो, एकदा लांबून म्हैस हंबरते, ते मी काढलेलं नाही आणि काढणारही नाही.

दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडून दाखवला: थ्री पिन सॉकेट, पण वरच्या मोठ्या भोकाला मागे वायरच नाही! अर्थिंग नावालाच. लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात ना, तुमच्यातल्या किती जणांना येतात? बघा, निम्मे हात वर. चार्जरमधून थोडा करंट बॉडीवर गळतो, त्याला जमिनीत जायला वाट नसली की तो यूएसबीच्या वायरीतून इंटरफेसकडे जातो आणि तुमच्या ट्रॅकवर बसतो. म्हणून घरघर आली की पहिलं काम, चार्जर काढून ऐका. गेली तर दोष बहुधा विजेत आहे, तो वायरमन बरा करेल, दुकानदार नाही. आणि काहीजण थ्री पिनला टू पिन कन्व्हर्टर लावून अर्थच तोडतात, तसलं कृपा करून करू नका, जिवाशी खेळ आहे.

संयोजक घड्याळ दाखवतायत, दहाच मिनिटं राहिलीत, तर सामानाचं भराभर सांगतो.

एका वेळी किती माईक लागणार ते आधी मोजा. एकटं गाणं किंवा पुस्तकवाचन असेल तर दोन इनपुट भरपूर. गळा, पेटी, तबला आणि डग्ग्याला वेगळा माईक म्हटलं की चार झाले. इथे फसू नका, खोक्यावर "४ इनपुट" लिहिलेलं असतं पण माईकचे प्रीअँप त्यात बऱ्याचदा दोनच असतात, उरलेले दोन लाईनचे, म्हणजे कीबोर्डसारख्या वाद्याची वायर लावायचे, माईकचे नाहीत. दोन यूएसबी माईक घेऊन भागवू म्हणाल तर दोघांची आतली घड्याळं वेगळी चालतात, लांबलचक रेकॉर्डिंगमध्ये ट्रॅक सरकतात.

माईक खोलीप्रमाणे घ्या. रस्त्याकडेची खोली, फरशी, कुकरच्या शिट्ट्या, असं असेल तर डायनॅमिक, म्हणजे लांबचे आवाज कमी टिपणारा माईक घ्या आणि तोंडाजवळ धरा. शुअरचा एसएम५८ १९६६ पासून याच कामावर आहे. शांत खोली, गाद्या-पडदे असतील तर कंडेन्सर, त्याला ४८ व्होल्टचा फँटम लागतो, म्हणजे इंटरफेसने माईकच्या केबलमधून पुरवलेली वीज. पुटपुटल्यासारखं बोलणाऱ्याला डायनॅमिक दिला तर गेन खूप लागतो, तिथे मात्र प्रीअँप चांगला हवाच.

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा आणि लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या, २४ बिटमध्ये जागा इतकी असते की काठोकाठ भरायची गरजच नाही. बफर, म्हणजे लॅपटॉप आवाजाचा जेवढा तुकडा एका वेळी साठवून पुढे देतो तो, २५६ सॅम्पलचा असेल तर आवाजाला एका बाजूला साधारण ५.३ मिलिसेकंद उशीर, जाऊन-येऊन दहाच्या वर. आवाज मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे तबलजी जवळपास बारा फुटांवर बसल्यासारखं. गायकाला लयीत ते टोचतं, म्हणून डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण (माईकचा आवाज लॅपटॉपमधून न फिरता थेट हेडफोनमध्ये देणारं) असलेलाच इंटरफेस घ्या, आणि विंडोज वापरत असाल तर कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (हा उशीर कमी ठेवणारं सॉफ्टवेअर) आहे ना ते पैसे द्यायच्या आधी बघा. हेडफोन बंद कपाचे, नाहीतर क्लिक, म्हणजे लयीसाठी कानात वाजणारी टिकटिक, माईकमध्ये शिरते.

मागच्या टेबलावर अर्थ नसलेला एक बोर्ड मुद्दाम लावून ठेवलाय. ज्यांनी आपला लॅपटॉप आणि इंटरफेस आणलाय त्यांनी चहा घेऊन या, आधी चार्जरवर ऐकू, मग बॅटरीवर.