लीगमध्ये सतरावे, युरोपात पहिले

नमस्कार श्रोतेहो. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर जवळ घ्या, आज थोडी आकडेमोड आहे.

6 एप्रिल 2025 ला लंडनच्या टॉटनम हॉटस्पर या फुटबॉल क्लबने, म्हणजे स्पर्सने, साउदॅम्प्टनला 3-1 असं हरवलं. त्या संध्याकाळी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये स्पर्सच्या खात्यात 37 गुण होते. 25 मे रोजी हंगाम संपला तेव्हा किती? 38. म्हणजे सात सामने आणि मिळालेला गुण एक. आता शेजारी दुसरा रकाना आखा. त्याच सात आठवड्यांत युरोपा लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत, याच संघाने पाच सामने खेळले. चार जिंकले, एक बरोबरीत सुटला, आणि 21 मे रोजी बिल्बाओच्या सान मामेस मैदानावर चषक उचलला.

त्या दीड-दोन महिन्यांत स्पर्सच्या चाहत्यांचे सरळ दोन तट पडले होते. एक म्हणे, मॅनेजर अँज पोस्टेकोग्लू यांना आजच्या आज घरी पाठवा. दुसरा म्हणे, गुरुवारपर्यंत, म्हणजे युरोपा लीगच्या सामन्यापर्यंत, थांबा. दोघांच्याही हातात खरे आकडे होते. घोळ होता तो 'फॉर्म' या शब्दात. शेवटचे पाच सामने काढायचे, जिंकले-हरले असं एका ओळीत मांडायचं आणि त्यावरून पुढच्या सामन्याचं भाकीत करायचं, ही आपली नेहमीची पद्धत. लीग आणि युरोप असे दोन डाव एकाच वेळी चालू असतात तेव्हा ती ओळ फसवते.

ती कशी फसवते, हे याच हंगामातून पाहू.

सुरुवात दुखापतींपासून करायला हवी. पोस्टेकोग्लू यांचा खेळ बचावफळी खूप पुढे उभी करण्याचा. समोरच्या संघाने मागच्या मोकळ्या जागेत चेंडू टाकला, तर मागे पळून तो गाठणारे वेगवान सेंटर-बॅक, म्हणजे मधले बचावपटू, लागतात. मिकी व्हॅन डे व्हेन तसा खेळाडू, आणि त्याच्या जोडीला क्रिस्तियान रोमेरो. ऑक्टोबरअखेर व्हॅन डे व्हेनच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला. 8 डिसेंबरला चेल्सीविरुद्ध दोघे एकदम परतले आणि त्याच सामन्यात दोघेही पुन्हा जायबंदी झाले. स्पर्स 3-4 हरले. गोलरक्षक व्हिकारियोचा घोटा 23 नोव्हेंबरला मोडला. तो थेट फेब्रुवारीच्या मध्यावर परत आला. मग सेंटर-बॅकला कोण? मधल्या फळीत खेळणारा अठरा वर्षांचा आर्ची ग्रे. पोरगा जीव तोडून खेळला, पण बचावाची रेषा तेवढीच पुढे आणि माणसं मात्र बदललेली. छप्पर तेच ठेवून खांब काढले तर काय होणार?

इथे पहिल्या तटाचा आक्षेप रास्त आहे. खांब निघाले होते तर छप्पर खाली का घेतलं नाही? रेषा दहा-पंधरा पावलं मागे ओढायला कोणाची मनाई होती? लीगमध्ये ती ओढली गेली नाही, आणि त्याची किंमत 22 पराभवांत मोजावी लागली. गंमत म्हणजे गोल केले 64, खाल्ले 65. सतराव्या क्रमांकाच्या संघाचा गोलफरक फक्त उणे एक! मँचेस्टर सिटीला त्यांच्याच मैदानावर 4-0 लोळवायचं आणि पुढे घरच्या मैदानावर लेस्टरकडून 1-2 हरायचं, असा तो प्रकार. जिंकताना भरभरून आणि हरताना बहुतेक वेळा थोडक्यात. नुसता गुणतक्ता पाहणाऱ्याला हे दिसत नाही, आणि नुसता गोलफरक पाहणारा उगीच खूश होतो.

आता युरोपाकडे वळू. त्या वर्षी स्पर्धेचं स्वरूप नवीन होतं. 36 संघांची एकच यादी, प्रत्येकाला आठ सामने, चार घरी आणि चार बाहेर. पहिले आठ संघ थेट शेवटच्या सोळा संघांच्या फेरीत. नऊ ते चोवीस क्रमांकांना फेब्रुवारीत दोन जादा सामने. स्पर्स 17 गुणांसह चौथे आले. पाच विजय, दोन बरोबऱ्या आणि गलातासरायकडून इस्तंबूलमध्ये 2-3 असा एक पराभव. चौथ्या क्रमांकाचं मोल कशात, तर ते दोन जादा सामने वाचले यात, आणि तेही निम्मा संघ दवाखान्यात असताना. शेवटच्या सामन्यात एल्फ्सबोर्गविरुद्ध तीन गोल झाले ते स्कार्लेट, अजायी आणि मूर या क्लबच्या अकादमीतल्या पोरांचे. त्याच रात्री बचावपटू द्रागुशिनच्या गुडघ्याचा लिगामेंट गेला, हेही त्याच वहीत लिहा.

वहीचा विषय निघालाच आहे, तर ती कशी ठेवायची ते सांगतो. प्रत्येक सामन्यापुढे निकालाखेरीज तीन गोष्टी लिहा. मागच्या सामन्यानंतर किती दिवस विश्रांती मिळाली. पहिल्या पसंतीच्या अकरांपैकी किती जण सुरुवातीपासून उतरले. आणि त्या सामन्यात संघाला नेमकं काय हवं होतं. तिसरा रकाना लोक विसरतात, आणि सगळी मेख तिथेच असते.

एप्रिलचं उदाहरण घ्या. 10 तारखेला, गुरुवारी, फ्रँकफर्टशी घरच्या मैदानावर 1-1. 13 ला, रविवारी, वुल्व्हरहॅम्प्टनकडून 2-4. 17 ला फ्रँकफर्टमध्ये सोलांकेच्या पेनल्टीवर 1-0. 21 ला नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून 1-2. ओळ झाली: बरोबरी, हार, जीत, हार. याला फॉर्म म्हणायचं तर म्हणा, पण तिसरा रकाना भरलात की चित्र पालटतं. लीगमध्ये तळाचे तीन संघ खालच्या लीगमध्ये जातात, पण स्पर्सला ती भीती उरलीच नव्हती. साउदॅम्प्टनचे अखेर 12 गुण झाले, इप्सविचचे 22, लेस्टरचे 25. तिघं बुडणार हे एप्रिलमध्येच जवळपास ठरलं होतं. त्यामुळे तेरावे आले काय आणि सतरावे आले काय, स्पर्सला फरक पडायचा तो बक्षिसाच्या रकमेत. युरोपा जिंकलं तर मात्र थेट चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातली सगळ्यात वरची स्पर्धा. व्यवहार सरळ होता: ताजे पाय गुरुवारसाठी राखायचे.

दुसऱ्या तटाला इथे एक टोला. पाय राखले म्हणून हरलो, हे कारण एप्रिल-मेला लागू पडतं. डिसेंबर-जानेवारीला ते लागू पडत नाही. तेव्हा हरले ते माणसंच नव्हती म्हणून, आणि खेळ बदलला नाही म्हणून. दोन्ही पराभव एका पोत्यात भरू नका.

बाद फेरीचं गणित करताना जुने श्रोते हमखास एक चूक करतात. घरी 1-1 झालं की 'बाहेरचा गोल दिला, मेलो' म्हणतात. बाहेरच्या मैदानावरच्या गोलाला जादा वजन देणारा नियम युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, 2021 मध्येच काढला. आता दोन सामन्यांची बेरीज, ती सारखी आली तर जादा वेळ आणि मग पेनल्टी, एवढंच. पिवळ्या कार्डांचंही तसंच: वेगवेगळ्या सामन्यांत मिळून तीन झाली की एक सामना बाहेर, आणि उपांत्यपूर्व फेरी संपली की उरलेली कार्डं पुसली जातात. उपांत्यपूर्व फेरीच्या दुसऱ्या सामन्यात दोन कार्डांवर कोण बसलाय, हे बघून ठेवावं ते यासाठी.

उपांत्य फेरीत समोर होतं नॉर्वेचं बोडो-ग्लिम्ट, आर्क्टिक वर्तुळाच्या आतलं गाव, आठेक हजारांचं मैदान आणि कृत्रिम गवत. अशा गवतावर चेंडूचा वेग आणि टप्पा वेगळा येतो. सवय नसलेला संघ मागून छोटे पास देत बाहेर पडू पाहतो आणि तिथेच फसतो. स्पर्सने तो मोह टाळला. लंडनमधली 3-1 ची आघाडी जपत, चेंडू सरळ पुढे टाकत 2-0 जिंकले. जी लवचीकता डिसेंबरात हवी होती, ती मे महिन्यात आली. पोस्टेकोग्लू यांच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्हीकडून वापरता येईल असा हा पुरावा आहे. या सगळ्या वादात मला तरी याहून मोलाचा पुरावा दिसत नाही.

अंतिम सामना तर त्याचं टोक. समोर मँचेस्टर युनायटेड, तेव्हा लीगमध्ये सोळावे, पण युरोपात तोवर एकही सामना न हरलेले. मॅडिसन, कुलुसेव्स्की आणि बर्गवाल हे स्पर्सचे मधल्या फळीतले तिन्ही कसबी खेळाडू जायबंदी. मग चेंडू युनायटेडला देऊन टाकला. 42 व्या मिनिटाला सारचा क्रॉस, गोलसमोर गडबड, ब्रेनन जॉन्सनच्या नावावर गोल. त्यानंतर किल्ल्याचे दरवाजे बंद. दुसऱ्या डावात व्हिकारियोच्या हातून चेंडू सुटला, युनायटेडच्या हॉयलुंडने डोक्याने मारला आणि व्हॅन डे व्हेनने हवेत झेपावून तो रेषेवरून बाहेर काढला. दोन-चार इंच इकडेतिकडे झाले असते तर आज चर्चेचा सूर वेगळा असता. हेही लक्षात असू द्या की त्या हंगामात स्पर्सने युनायटेडला चार वेळा हरवलं: लीगमध्ये दोनदा, लीग कपमध्ये एकदा आणि इथे. फॉर्म नुसता स्वतःचा नसतो, कोणासमोर आहे त्यावरही असतो.

आपल्याकडे हे सामने बघणाऱ्यांसाठी घड्याळाची एक गोष्ट. युरोपच्या उन्हाळी वेळेत उशिराचा सामना आपल्याकडे मध्यरात्री साडेबाराला सुरू होतो आणि लवकरचा सव्वादहाला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं मागे जातात आणि दोन्ही वेळा एक-एक तासाने पुढे सरकतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मूळपदावर. साडेबाराचा गजर लावून नोव्हेंबरात उठणारे पुण्यात आणि मडगावात दरवर्षी तासभर ताटकळत बसतात. उठलातच, तर सुरुवातीचा अकराचा संघ आधी बघा. वहीतला दुसरा रकाना तिथेच भरतो आणि अर्धा वाद शिट्टी वाजण्याआधीच मिटतो.

चषकानंतर चार दिवसांनी स्पर्स ब्रायटनकडून 1-4 हरले. 6 जूनला पोस्टेकोग्लू यांना निरोप देण्यात आला, 1984 नंतरचा पहिला युरोपीय चषक क्लबला मिळवून दिल्यावर अवघ्या सोळा दिवसांनी. पहिला तट म्हणाला, 38 गुण बघा. दुसरा म्हणाला, कपाट उघडून बघा.